मदत हवी आहे: रवांडाला कृत्रिम पायांच्या कामासाठी जायचंय, निधी कसा गोळा करावा?

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, आधीच सांगते, पण अर्धवट लिहून मग प्रतिसादांमधे तुकड्या-तुकड्यांनी खुलासे करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेत नोकरी करते. पाय गमावलेल्या पेशंटना कृत्रिम पायावर उभं करणं, चालायला शिकवणं हेच गेली बारा वर्षं माझं मुख्य काम. येत्या ऑगस्टमधे दोन आठवड्यांसाठी मी आणि आमच्याकडचे कृत्रिम पाय बनवणारे एक टेक्निशियन काका असे दोघं रवांडाला जातोय. बोलावणं माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं, ती रवांडाची, इथे शिकून परत गेली आणि आता तिकडे दक्षिणेला एका लहान केंद्रात काम करते. तिच्या मावशीचा डावा पाय १९९४ मधे गुडघ्याखाली तुटला, तेव्हा मावशी नऊ वर्षांची होती. हे तिने मला तिसऱ्या वर्षाला असताना सांगितलं, अगदी शांतपणे, प्रॅक्टिकलची वही भरता भरता, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ एप्रिल १९९४ पासून साधारण १०० दिवसांत रवांडात ८ ते १० लाख माणसं मारली गेली, बहुतेक सगळे तुत्सी जमातीचे, आणि कत्तलीला विरोध करणारे हुतू जमातीचेही. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, कोयत्यांनी मारलं, म्हणून जे वाचले त्यांच्यात हात-पाय गमावलेले खूप. पण तेव्हाची लहान मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. बाहेरून वाटतं की एकदा पाय बसवला की झालं, तसं नसतं हो. स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, ज्यात बसतो ते सॉकेट वजन बदललं, वय वाढलं, स्नायू आटले की सैल होतं, घासतं, जखमा होतात, दर तीन-पाच वर्षांनी नवीन लागतंच. आणि त्या देशाला हजार टेकड्यांचा देश म्हणतात, सपाट रस्ता कमी, शेतं उतारावर, तिथे पाय लवकर झिजतो आणि चढ-उतारावर चालायचं वेगळं शिकवावं लागतं. मैत्रीण स्पष्ट म्हणाली, तुम्ही येऊन पन्नास पाय बसवून फोटो काढून जाऊ नका, तुम्ही गेल्यावर दुरुस्ती कोण करणार, आमच्या इथल्या चार मुलांना शिकवून जा. मला हे शंभर टक्के पटलं. म्हणून कामाचं स्वरूप तेच ठेवलंय.

आता पैसे. एकूण अंदाज साडेचार लाख. त्यातलं आमचं तिकीट, मुंबईहून अदिस अबाबामार्गे किगाली, राहणं-खाणं हे आम्ही दोघं खिशातून करतोय, ते कुणाकडेही मागणार नाही. उरलेले सव्वातीन लाख सामानाचे, म्हणजे सॉकेटसाठी पॉलिप्रॉपिलीनच्या शीट, फूट-पीस (कृत्रिम पावलं), स्टंपवर घालायचे सॉक्स, लायनर (सॉकेटच्या आतलं मऊ आवरण), काही हत्यारं. ते लोकांकडून उभे करायचेत आणि इथेच माझी गाडी अडलीये.

पहिला गुंता कायद्याचा. मला वाटलं होतं गणपतीची वर्गणी गोळा करतात तसं करू. तर कळलं की त्या वर्गणीलासुद्धा मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढतात. स्वतःच्या खात्यात घेतले तर नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षाला एकूण ५० हजारांच्या वर आले तर ती सगळीच रक्कम माझं उत्पन्न धरली जाते. एका ओळखीच्या ट्रस्टकडून घ्यावेत म्हटलं तर सीए म्हणाले ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या पैशाला सहसा करसवलत मिळत नाही, त्यासाठी दिल्लीहून वेगळी मंजुरी लागते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे माझी अमेरिकेतली मावसबहीण पैसे पाठवायला तयार आहे पण तिने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे तिचा पैसा परदेशी देणगी ठरतो आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही. तिच्या नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्याचा चालतो! घर एकच आणि नियम दोन. मग माझ्या मनात आलं की परदेशातल्यांनी थेट तिकडच्या केंद्राला पाठवावेत आणि इथल्यांनी सामान विकत घेऊन द्यावं, रोख नकोच, दुकानाचं बिल थेट देणाऱ्याच्या नावावर. असं कुणी केलंय का? त्यात काय अडचणी येतात?

दुसरा गुंता माझ्यासाठी जास्त मोठा आहे. निधीसाठी पत्रक करायला दिलं तर भाच्याने मनापासून मेहनत घेऊन आणलं, वर चर्चमधल्या कवट्यांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'हुतू-तुत्सी दंगलीतल्या पीडितांना मदत करा'. त्याचा दोष नाही, नेटवर तेच सापडतं. पण ती दंगल नव्हती. दंगलीत दोन बाजू भिडतात. इथे आधी याद्या झाल्या होत्या, बेल्जियन राजवटीत १९३० च्या दशकात ओळखपत्रावर जमात लिहायला सुरुवात झाली आणि १९९४ मधे नाक्यानाक्यावर तेच ओळखपत्र बघून मारलं. संयुक्त राष्ट्रांनीही २०१८ पासून ७ एप्रिलच्या स्मृतिदिनाच्या नावात 'तुत्सींविरुद्धचा वंशसंहार' असाच शब्द घेतलाय. आणि तो फोटो, त्या कवट्या कुणाच्या तरी आईच्या, भावाच्या आहेत. मैत्रिणीला दाखवायची हिंमत झाली नाही. काढून टाकला. पण आता काढल्यावर पत्रक इतकं साधं दिसतंय की सगळे म्हणतात यावर कोण पैसे देणार.

गेल्या महिन्यात इथल्या एका क्लबात बोलायला गेले होते. एक आजोबा उठून म्हणाले, बाळ, आपल्या जत तालुक्यात पाय तुटलेले कमी आहेत का, इतक्या लांब कशाला? राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, खरंच विचारत होते. मी तेव्हा काहीतरी बोलले, पण घरी येऊन रात्रभर तोच प्रश्न. जतला मी जाते, दर महिन्याला शिबिराला जाते, ते बंद होणार नाहीये. पण हे उत्तर पुरेसं वाटत नाही मला.

तिसरं, तयारी. बरंचसं मैत्रिणीनेच सांगितलंय, कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते, आणि काही सुटलं असेल तर सांगा. आधी आम्ही एप्रिलचा दुसरा आठवडा ठरवला होता, सुट्ट्या जुळत होत्या म्हणून, तर ती म्हणाली ७ ते १३ एप्रिल राष्ट्रीय शोकाचा आठवडा असतो, क्विबुका म्हणतात, त्याचा अर्थ आठवण ठेवणं. गाणी-समारंभ काही नाही आणि पुढे जुलैपर्यंत १०० दिवस स्मरणाचे. तेव्हा पाहुणे नकोत असं नाही, पण पेशंटची मनं ठिकाणावर नसतात. शिवाय पाऊस. म्हणून ऑगस्ट. पर्यटक म्हणून येऊन पेशंटला हात लावायचा नाही, तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या कौन्सिलची परवानगी आधी काढायची, त्याची कागदपत्रं पाठवलीत. पीत ज्वराची लस प्रवासाआधी किमान १० दिवस घ्यावी लागते, ती झाली, मलेरियाच्या गोळ्या लिहून घेतल्या. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात, आणि आमचे सगळे सॉक्स पॉलिथिनमधे पॅक! आईने जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायला घेतल्यात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा असतो, सगळा गाव मिळून रस्ते-गटारं करतो, त्यात आम्हीही जाणार. आणि कुणालाही 'तुम्ही हुतू की तुत्सी' विचारायचं नाही, कधीच नाही. ओळखपत्रावरून तो रकाना केव्हाच गेलाय.

एक विनंती, जुने कपडे देऊ का असे आत्तापर्यंत निदान पंधरा फोन आले. नका देऊ. रवांडाने २०१६ मधे जुन्या कपड्यांवरचं आयात शुल्क किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केलं, स्वतःचा कापड उद्योग उभा राहावा म्हणून, आणि त्यापायी अमेरिकेने २०१८ मधे त्यांच्या कपड्यांची करसवलत थांबवली तरी ते मागे हटले नाहीत. त्यांना आपले उतरलेले कपडे नकोत, हे त्यांनी किंमत मोजून सांगितलंय.

दोन दिवसांनी भर: सगळ्यांचे आभार. सामान थेट विकत घेऊन देण्याची कल्पना तिघांनी उचलून धरली आणि एका ताईंनी बिल, देणगीपत्र आणि सामानाची यादी एकत्र ठेवायला सांगितलं ते फार कामाचं आहे. औषधी मलमं नेऊ नका, तिथल्या औषध प्रशासनाची परवानगी लागेल, हेही बरोबर, ती यादीतून काढली. जतच्या आजोबांना काय सांगावं यावर मात्र कुणीच लिहिलं नाही, तिथे अजून वाट बघतेय.

पत्रक मी पुन्हा लिहिलंय, फोटोत फक्त एक सॉकेट आणि ते घासणारे टेक्निशियन काकांचे हात. मजकूर असा:

'१९९४ च्या वंशसंहारात पाय गमावलेली रवांडातली मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांचे जुने कृत्रिम पाय त्यांना बसत नाहीत. तिथल्या चार तरुणांना नवे सॉकेट बनवायला शिकवण्यासाठी आम्ही जात आहोत. आमचा प्रवासखर्च आमचा. एका सॉकेटच्या शीटपासून हत्यारांच्या संचापर्यंत जे जमेल ते तुम्ही स्वतः विकत घेऊन द्या. ते कुणाच्या हातात पोचलं हे ऑक्टोबरमधे याच सभागृहात येऊन सांगू.'

शनिवारी कार्यक्रम आहे, शुक्रवारी दुपारी छापायला जाईल. काय खटकतंय ते सांगा, विशेषतः पहिलं वाक्य, ते मला अजून जड वाटतंय.