हरळी कधी म्हणता, दूर्वा कधी?

मंजिरी (धागाकर्ती)
गवत एकच. वाफ्यात आलं की हरळी, देव्हाऱ्यात गेलं की दूर्वा. आमच्या घरात तर एकाच दिवशी दोन्ही नावं कानावर पडतात. सकाळी सासूबाई म्हणतात, "चार दूर्वा खुडून आण गं," आणि संध्याकाळी सासरे त्याच कोपऱ्याकडे बोट करून, "ती हरळी उपटा आधी, कोथिंबीर गिळली तिनं." दोघांनाही ठाऊक आहे की वनस्पती तीच, पण एकमेकांचा शब्द कोणी वापरत नाही.
तुमच्याकडे कुठल्या कामाला कुठलं नाव? म्हणी, टोपणनावं, औषधं, शेजारच्या भाषेतले शब्द, सगळं चालेल. शोधून चिकटवलेलं नको, ऐकलेलं लिहा.

बांधावरचा
सोलापूरकडचा शेतकरी आहे. आमच्या तोंडी दूर्वा येते ती फक्त गणपतीत. एरवी हरळी, आणि तीही शिवी दिल्यासारखी.
काळ्या भारी रानात एकदा शिरली की कुळवाला दाद देत नाही. उन्हाळ्यात खोल नांगरायचं, ढेकळं चांगली तापू द्यायची, मग बाया लावून काशा वेचायच्या. शहरातल्यांसाठी सांगतो, काशा म्हणजे जमिनीखालचे पांढरे, टोकदार, पेरापेरांचे दोर. वेचलेल्या काशा बांधावर फेकायच्या नाहीत, वाळवून जाळायच्या. फेकल्या तर पहिल्या पावसाला तिथून परत रानात उतरतात. आता जो तो रोटाव्हेटर मारायला सांगतो. रान भुसभुशीत होतं, दिसायलाही झकास, पण एका काशीचे दहा तुकडे होतात आणि पेर असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. ग्लायफोसेट हे तणनाशक मारून वरचं पिवळं पडलं की माणूस खूश होतो, खाली काशा दमदार असल्या की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हिरवं.
चिवट माणसाला आमच्याकडे 'हरळीची मुळी' म्हणतात. भावकीत बांधावरून कोर्टकचेऱ्या करून न थकलेल्या आमच्या एका चुलत्यांना सगळं गाव तेच म्हणायचं. त्यांना त्यात कौतुकच वाटायचं.

निवृत्त संस्कृतबाई
वरचा प्रतिसाद वाचून हसू आलं, कारण अमरकोशात हीच तक्रार आदराने नोंदवली आहे. तिथे दूर्वेची नावं पाहा: शतपर्विका, सहस्रवीर्या, भार्गवी, रुहा, अनन्ता. शतपर्विका म्हणजे शंभर पेरांची, रुहा म्हणजे उगवणारी, अनन्ता म्हणजे जिला अंत नाही अशी. काशा वेचून कंबर मोडलेल्या बाईला विचारलं तर ती यातलं एकही नाव खोडणार नाही.
पूजेतला मंत्रही बघा. 'काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती, परुषः परुषस्परि'. कांडाकांडातून, पेरापेरातून उगवणारी. पुढे मागणं असं की आमचाही विस्तार असाच शेकड्याने, हजाराने कर. रोटाव्हेटरने जे होतं तेच इथे आशीर्वाद म्हणून मागितलंय. (शुद्धलेखनाचं एक: 'दूर्वा' दीर्घ ऊकाराने. पाट्यांवर 'दुर्वा' इतक्यांदा दिसतं की आता मी टोकणं सोडलंय.)

दूर्वा स्वतः
माझं नावच दूर्वा! शाळेत जीवशास्त्राच्या तासाला बाईंनी सायनोडॉन डॅक्टिलॉन फळ्यावर लिहून अर्थ सांगितला. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, डॅक्टिलॉन बोटावरून, कारण तुरा हाताच्या पसरलेल्या बोटांसारखा दिसतो. त्या दिवसापासून दहावीपर्यंत मी 'कुत्र्याचा दात' होते. दूर्वा नावाच्या मुली वर्गावर्गात सापडतात, हरळी नावाची एक तरी दाखवा.

सीमाभागातला
बेळगावकडे कानडी बायका 'गरिके' म्हणतात, गणपतीला वाहतातही. शेजारच्या गुजराती काकू 'ध्रो' म्हणतात, त्यांच्यात ध्रो आठम असते. आपल्या पंचांगातही भाद्रपद शुद्ध अष्टमीला दूर्वाष्टमी छापलेली असते, पण घरात कुणी पाळलेली मी पाहिली नाही. हिंदीत दूब. ती लॉनवरही दूब आणि पूजेतही दूबच, हा आपल्यातला फरक.

घोळणेवाला
लहानपणी उन्हाळ्यात माझा घोळणा फुटायचा. आजी परसातली हरळी आणायची, धुऊन ठेचायची आणि फडक्यातून पिळून थेंब थेंब रस नाकात सोडायची. गार लागायचा आणि कच्च्या गवताचा वास थेट डोक्यात जायचा. आणताना तिला ती हरळी असायची, पण शेजारीण विचारायला आली की सांगायची, "दूर्वांचा रस घाला." औषध म्हटलं की नावाला सोवळं नेसवावं लागत असेल. (वारंवार फुटत असेल तर डॉक्टरांना दाखवा, हे माझं, आजीचं नाही.)

पाटीवाल्या बाईंचा मुलगा
आई गणपतीत दूर्वा विकायला बसते. पहाटे निघताना म्हणते, "हरळी आणायला चालले." पायवाटेवरची घेत नाही, ती आखूड आणि राठ. पाटाच्या कडेची, लांब पेरांची, कोवळी बघते. तुरा आलेली काडी बाजूला टाकते. तीन पानी कोंब तेवढे निवडायचे, 21 झाले की देठ मांडीवर ठोकून सारखे करायचे आणि दोऱ्याचे दोन वेढे. दोरा दातानं तोडेपर्यंत ती हरळीच असते. जुडी ओल्या फडक्यावर ठेवली की मग "दूर्वा घ्या, ताज्या दूर्वा." एकदा गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, ही तर हरळी आहे." आई म्हणाली, "मग तुमच्या दारातली न्या की."

सोसायटी सचिव
आमच्याकडे तिसरंच नाव! बागेच्या कोटेशनमध्ये 'बर्म्युडा ग्रास' होतं. सभेत सगळे प्रभावित. माळीमामांनी गठ्ठा उलगडून बघितला आणि म्हणाले, "हरळीच की हो." लॉनचे काही वाण संकरित असतात, पण मूळ गवत तेच. झाडाखाली मात्र ते काही केल्या धरलं नाही, तिथे माती उघडीच राहिली.

बांधावरचा
सचिवसाहेब, तिला ऊन लागतं. सावलीत विरळ होते, म्हणून आम्हीही हरळीच्या रानात दाट ताग टाकतो. मरत नाही, दबते. फुलोऱ्याच्या सुमाराला ताग गाडायचा, पण त्याआधी कडेच्या काशा कुदळीने काढून घ्या. बांधाकडूनच ती परत आत येते.