तुकोबांनी बुडवली ती फक्त स्वतःची कर्जखतं

ताई, आईच्या आजारपणात भावाशी बोलणं तोडलंत, त्याची टोचणी अजून जात नाही असं तुम्ही लिहिलंत. त्यावर इथे आधी कुणीतरी उत्तर दिलंय, ‘देवावर सोपवणं म्हणजे जबाबदारी झटकणं.’ हे मला मुळीच पटत नाही.

तुकोबांचंच बघा. दुष्काळात घरची माणसं गेली, व्यापार बसला. पुढे त्यांनी सावकारीची खतं, म्हणजे लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद, इंद्रायणीत सोडली. पण परंपरा सांगते की आधी वाटणी केली आणि धाकट्या कान्होबाचा हिस्सा त्याच्या हाती दिला. मला यातलं हे दुसरं फार मोलाचं वाटतं. स्वतःचं येणं विठ्ठलाच्या पायी, भावाचं मात्र भावाला चोख.

म्हणून भावाला फोन कराच. घोडबंदरलाच राहतो ना तो? मग भेटूनच या. त्याने जवळ घेतलं तर आनंदच. नाही घेतलं, तर तेवढं तुमच्या हातातलं नाही, आणि नेमकं तेच देवापुढे ठेवायचं. गीतेच्या १८व्या अध्यायातला ६६वा श्लोक शरण ये म्हणतो आणि ‘मा शुचः’वर, शोक करू नकोस म्हणून, थांबतो. त्यानंतर अर्जुन रणातून निघून जात नाही, उभा राहतो.

मी संध्याकाळी ठाण्यातल्या कोपिनेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या, देवळात बसते (सोमवारची गर्दी टाळून). मनात आलेलं जुनं सगळं देवाला सांगते नि उठते. ते पुन्हा येतं, पुन्हा सांगते. एका नमस्कारात मन मोकळं झालं नाही, तर आपली श्रद्धा कमी पडली असं कृपा करून समजू नका. आणि झोपच लागत नसेल तर डॉक्टरांनाही दाखवा.