मदत हवी आहे: ओआहू बेटावर समुद्रकिनारी मुक्काम, तंबू की कॅम्पर व्हॅन? (आई-बाबा आणि मुलं सोबत)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये मुलांच्या शाळा सुटल्या की हवाईतल्या ओआहू बेटावर जायचं घाटतंय. आम्ही सॅन होजेला राहतो. नवरा, मी, दोन मुलं आणि रत्नागिरीहून आलेले माझे आई-बाबा असे सहा जण. हॉटेलात राहायचं, रोज गाडीने किनाऱ्यावर जायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं, असं नकोय. आईचं एकच म्हणणं आहे, रात्री झोपताना समुद्राची गाज कानावर यायला हवी. तिचं माहेर आणि सासर दोन्ही किनाऱ्यावरचं. इथे आल्यापासून तिला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या आवाजाची. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या पार्कमध्येच मुक्काम करायचा, यावर घरात एकमत आहे. तो जमवायचा कसा, तिथे घोडं अडलंय.

कॅलिफोर्नियात आरव्ही (आत झोपायची-रांधायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन राहायची आम्हाला चांगली सवय आहे. वीज-पाण्याची जोडणी मिळते, आई-बाबा आत गादीवर, आम्ही चौघं शेजारी तंबूत. स्वयंपाक आतच होतो, रात्री-अपरात्री आईला बाथरूमसाठी लांब जावं लागत नाही. ओआहूवर मात्र मोठी आरव्ही भाड्याने देणारं कुणी सापडत नाही. छोट्या कॅम्पर व्हॅन आणि टपावर तंबू असलेल्या जीप दिसतात. शिवाय संध्याकाळी 6 ते सकाळी 6 या वेळात रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत गाडीत झोपायला राज्याच्या कायद्याने बंदी आहे, असंही वाचलं. मग व्हॅन घेऊन करायचं काय?

दुसरा पेच आरक्षणाचा. होनोलुलू शहराच्या ताब्यातल्या किनारी पार्कांचं आरक्षण मुक्कामाच्या जेमतेम दोन आठवडे आधी उघडतं. सहा जणांची विमानाची तिकिटं काही इतकी उशिरा काढता येणार नाहीत. तिकिटं हातात आणि जागेचा पत्ता नाही, असं झालं तर आई-बाबांना घेऊन कुठे फिरू?

आणखी एक काळजी आहे. बाबा इन्सुलिन घेतात. वीज नसलेल्या ठिकाणी ते नीट ठेवायचं कसं? आईचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठायला तिला त्रास होतो. मुलांना पोहता येतं, पण तलावात. नवऱ्याला कुआलोआचं पार्क आवडलंय, समोर समुद्रात मोकोलिई हे टोपीच्या आकाराचं बेट दिसतं म्हणून. मला सुरक्षित पाणी आणि स्वच्छ शौचालय एवढं मिळालं तरी पुरे.

कुणी तिथे राहून आलं असेल किंवा तिथेच राहत असेल तर कृपया सविस्तर लिहा. "वयस्कर माणसांना घेऊन तंबूत जाऊ नका" असं मत असेल तर तेही सांगा, पण कारणासकट.

आगाऊ धन्यवाद.

खारावारा

होनोलुलूत बरीच वर्षं राहतोय, आमच्याकडे किनाऱ्यावर तंबू ठोकणं हा घरचाच कार्यक्रम असतो. आधी आरव्हीचं सांगतो, कारण तो विषय एकदाचा मिटवून टाकला की बाकीचं सोपं होतं.

ओआहूच्या किनारी पार्कांत वीज-पाण्याची जोडणी असलेल्या आरव्हीच्या जागा नाहीत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून कुणी गाडी चालवत इथे येऊ शकत नाही. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर माणसांसकट गाडी नेणारी बोटही आता नाही. तशी बोटसेवा, सुपरफेरी, 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 मध्ये बंद पडली. त्यामुळे आरव्हीची ती सगळी व्यवस्था इथे उभीच राहिली नाही. गाडीत झोपण्याबद्दल तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. पार्कच्या नियमांत बसत असेल तर कॅम्पच्या जागी मुभा आहे, पण प्रत्येक पार्कचं वेगळं. व्हॅन घेणारच असाल तर परवाना काढतानाच विचारून घ्या. माझं मत विचाराल तर सहा जणांसाठी व्हॅन नकोच. त्यात दोघं झोपतील, उरलेल्या चौघांना तंबू लागणारच. साधी सात आसनी गाडी आणि दोन चांगले तंबू घ्या.

आता वारांचं गणित. शहराची पार्कं शुक्रवार सकाळ ते बुधवार सकाळ एवढीच कॅम्पसाठी उघडी असतात. बुधवार आणि गुरुवारच्या रात्री कुणालाच राहता येत नाही. ओआहूवरच्या राज्य सरकारच्या पार्कांतही या दोन रात्री बंदच. शहराचा परवाना तीन दिवसांचा 32 डॉलर किंवा पाच दिवसांचा 52 डॉलर, एका जागेवर 10 माणसांपर्यंत चालतात, म्हणजे तुमचं कुटुंब एका जागेत मावतं.

जागा निवडताना बेटाच्या पूर्वेचा, वाऱ्याकडचा किनारा धरा. वाइमानालो, बेलोज, कुआलोआ, मालाएकाहाना हे सगळे तिकडचे. बेलोज हवाई दलाच्या तळाच्या आवारात आहे, लोकांसाठी फक्त शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ खुलं असतं. लांबच लांब मऊ वाळू, पायाखाली खडक नाही, आणि शनिवार-रविवार जीवरक्षक असतात. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाला मी तेच सुचवतो. कुआलोआ दिसायला अप्रतिम, मागे कोओलाऊ डोंगराचे उभे कडे आणि समोर मोकोलिई, पण किनारा अरुंद आणि वारा तुफान. पश्चिमेकडे वाइआनाएच्या बाजूलाही पार्कं आहेत. तिथे स्थानिक हवाईयन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या येतात, घर नसलेली माणसंही किनाऱ्यालगत राहतात. ती त्यांची जागा आहे हे मनात ठेवून, ओळखीच्या कुणासोबत जावं. पहिल्या खेपेला नको.

तुमच्या आईंना एक सांगा, बेलोज-वाइमानालोच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर आहे ना, तेच झाड. वारा सुटला की तोच सूं सूं आवाज येतो. फक्त तंबू लावण्याआधी खालची बोंडं हाताने वेचून काढा. सुपारीएवढी, सगळीकडून टोकदार असतात. तंबूच्या तळाला भोक पाडतात आणि अनवाणी पायाला तर असे टोचतात की मुलं रडतात. तंबूखाली जाड ताडपत्री घाला. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत, कापडी पिशव्या वाळूने भरून, दोरी बांधून पुरा.

पाथेय

आरक्षणाबद्दल. मुक्कामाच्या दोन शुक्रवार आधी, हवाईच्या वेळेनुसार संध्याकाळी 5 वाजता शहराच्या संकेतस्थळावर जागा सुटतात. हवाईत घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे 8 वाजलेले असतील. खातं आधी उघडून, कार्डाची माहिती हाताशी ठेवून बसा. बेलोज आणि कुआलोआच्या शनिवार-रविवारच्या जागा बघता बघता जातात.

तिकिटांच्या पेचावर आम्ही काढलेला मार्ग असा: मालाएकाहाना राज्य सरकारचं आहे, त्याचं आरक्षण शहराच्या मानाने बरंच आधी करता येतं. बाहेरच्यांना एका जागेला रात्रीचे 30 डॉलर. ते आधी पक्कं करा, मग विमानाची तिकिटं काढा. दोन आठवडे आधी बेलोज मिळालं तर उत्तम, नाही तर मालाएकाहाना आहेच. एक मात्र लक्षात ठेवा, मालाएकाहानाचं फाटक संध्याकाळी बंद होतं ते सकाळीच उघडतं. बाबांची तब्येत बघता हे आधी माहीत असलेलं बरं. गेल्या गेल्या रात्रीच्या संपर्काचा क्रमांक विचारून घ्या.

धागाकर्ती

खारावारा, पाथेय, मनापासून आभार. आरव्हीचा विषय आम्ही आता बाजूला ठेवला. आईला सुरूच्या बनाचं वाचून दाखवलं, तेव्हापासून ती बेलोजच म्हणतेय. भाट्याचं बन तिच्या रोजच्या फिरण्यातलं.

इन्सुलिनबद्दल कुणी सांगेल का? आणि पाण्यातल्या जेलीफिशबद्दल काय काळजी घ्यायची? धाकटीला कशाचीही ॲलर्जी चटकन येते.

वद्यअष्टमी

मी परिचारिका आहे, त्यामुळे इन्सुलिनचं लिहिते. उघडलेलं, वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण 28 दिवस 30 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवलं तर चालतं. जूनमध्ये तिथे रात्री हवा सुखद असते, प्रश्न दुपारचा. गाडीत पेन कधीही ठेवू नका, बंद गाडी भट्टीसारखी तापते. पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी पिशव्या मिळतात, पाणी उडून जाताना आतलं थंड राहतं, बर्फ लागत नाही. वारा असला की त्या अधिक चांगल्या चालतात. न उघडलेली पेनं शीतपेटीत ठेवायची असतील तर बर्फाला थेट चिकटू देऊ नका. टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी ते टाकूनच द्यायचं, दिसायला नीट असलं तरीही. बाबांच्या प्रकाराचं नेमकं काय, ते डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. विमानात ते हातातल्या बॅगेतच हवं. वाइमानालोपासून काइलुआ जवळ आहे आणि तिथे रुग्णालय आहे, ही जमेची बाजू.

जेलीफिशचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. वाइकीकी, आला मोआना या दक्षिणेच्या किनाऱ्यांवर पौर्णिमेनंतर 8 ते 12 दिवसांत पेटीच्या आकाराच्या पारदर्शक जेलीफिश येतात. आपल्या कालनिर्णयावर वद्य अष्टमी ते द्वादशी बघितलीत की अंदाज येतो. ते दिवस पाण्यात उतरण्यासाठी टाळा. बेलोजच्या बाजूला धोका वेगळा, जोराचा वारा असला की निळसर फुग्यासारखे जीव किनाऱ्याला लागतात, मागे लांब निळा दोरा असतो. वाळूत मेल्यासारखे पडलेले असले तरी डंख करतात, मुलं हमखास हात लावतात. सकाळी पाण्यात जाण्याआधी भरतीच्या रेषेवर एक फेरी मारा. ते दिसले तर त्या दिवशी पाणी नको. व्हिनेगरची बाटली सामानात असू द्या. डंख झाला तर जागा चोळू नका, व्हिनेगर ओता आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्याने शेका. श्वासाला त्रास किंवा अंगावर गांधी उठल्या तर लगेच 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. धाकटीचं ॲलर्जीचं औषध तंबूत नको, किनाऱ्यावर तुमच्यासोबत हवं.

खारावारा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. थोडं सामानाचं आणि नियमांचं.

गॅसची नळकांडी विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, इथे उतरल्यावर विकत घ्या. शेगडी आणायची तर घासूनपुसून, गॅसचा वासही येता कामा नये. मुख्य भूमीवरून येताना सोबतच्या शेतमालाची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो. डाळ, तांदूळ, पोहे, मसाले खुशाल आणा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांच्या फंदात पडू नका. परत जातानाही सामान तपासतात, बहुतेक ताजी फळं नेता येत नाहीत.

पार्कांत दारू नाही, जमिनीवर शेकोटी नाही. शौचालयं आणि गार पाण्याचे शॉवर आहेत, पण कागद आणि साबण आपला ठेवा. रात्रीसाठी प्रत्येकाला डोक्याचा दिवा, आईंची जागा शौचालयाच्या जवळची निवडा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेली सनस्क्रीन इथे 1 जानेवारी 2021 पासून विकत नाहीत, प्रवाळाला त्यांचा त्रास होतो. तुम्हीही झिंकवालीच आणा, ही माझी कळकळीची विनंती. किनाऱ्यावर सील येऊन झोपलेला दिसला तर निदान 50 फूट लांब राहा, कासवापासून 10 फूट. फोटोसाठी मुलांना जवळ उभं करू नका.

गाडीत काहीही सोडून जाऊ नका, डिकीतसुद्धा. काचा फोडून चोऱ्या होतात.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांमुळे आराखडा तयार झाला. बुधवारी उतरायचं, दोन रात्री शहरात हॉटेलात काढायच्या, त्यात गॅस, पाणी, किराणा भरून घ्यायचा. शुक्रवारी दुपारी बेलोज, नाही मिळालं तर मालाएकाहाना. सोमवारी सकाळी तंबू गुंडाळून शहरात परत.

एकच प्रश्न उरला. आईसाठी घडीची खाट मुख्य भूमीवरून आणावी की तिथे मिळेल? आणि उंची किती असावी?

वद्यअष्टमी

तिथेच घ्या, खेळांच्या आणि बाहेरच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत मिळतात. उंची सेंटिमीटरमध्ये मोजत बसू नका. दुकानात आईंना खाटेवर बसवा. पाय जमिनीला टेकून गुडघे नितंबांपेक्षा वर जात नसतील आणि हाताचा आधार न घेता उठता येत असेल, तर ती उंची बरोबर. वाळूत खाटेचे पाय रुततात आणि उंची कमी होते, म्हणून प्रत्येक पायाखाली लाकडी फळी घाला. तंबू उभं राहता येईल इतका उंच घ्या, दाराला उंबऱ्यासारखी पट्टी नसलेला. आणि बाबांचं जेवण इन्सुलिनच्या वेळेला तयार असायला हवं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी शेगडीवर विसंबू नका. शहरातून डबा भरूनच निघा.