माळवदाचं जुनं घर, भूकंपासाठी आधी काय करावं?

वसमत_खण: घर पाच खणांचं. भिंती दोन फूट जाड, दगड-मातीच्या. वर माळवद (लाकडावर मातीचं सपाट छत), माती दीड फुटाच्या आसपास. मागच्या भिंतीला बाहेरून पोट आलंय. मार्च आणि जुलै 2024 च्या धक्क्यांनंतर (दोन्ही 4.5 तीव्रतेचे) कोपऱ्यांत फटी दिसतात. पाडून नवं बांधणं जमणार नाही. गवंडी म्हणतो बाहेरून सिमेंटचा गिलावा मारा, शेजारचे म्हणतात माती काढून पत्रे टाका. सुरुवात कुठून करू?

पांढरी_माती: वरून करा. दरवर्षी पावसाळ्याआधी आपण पांढरी माती टाकतो, जुनी कोणी काढत नाही. चार बोटं असलेला थर असाच दीड फूट होतो. हिशोब बघा: 10 बाय 12 फुटांच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे 180 घनफूट, कोरडी धरली तरी 8 टन. ती 8 इंचांवर आणली की बरोबर एक ब्रास (100 घनफूट), म्हणजे साडेचार टन वजन उतरतं. पावसात भिजलेल्या मातीचा भार यापेक्षा बराच जास्त.

काम उन्हाळ्यात करा. घर रिकामं करून, माती दोन्ही बाजूंनी सारखी, चार-चार इंचांच्या थरांनी उतरवा. एका कोपऱ्यात ढीग केला की खालची कडी (छताचं आडवं लाकूड) तिथंच मोडते. फावडं चालवा, टिकाव नको, किलचण (कड्यांवर अंथरलेल्या लाकडाच्या चिपा) फुटते. लाकूड उघडं पडलं की सळईनं टोचून बघा. सहज आत गेली तर वाळवी आहे, ती कडी बदला. मग चार-पाच इंच माती चोपून पन्हाळीकडे उतार द्या, त्यावर जाड प्लास्टिक (सांध्याला एक फूट चढ), आणि वर तीन इंच पांढरी माती. प्लास्टिक उघडं ठेवलं तर उन्हानं एका वर्षात तडकतं. यापुढं नवी माती टाकायची तर तेवढी जुनी खरवडून काढायची.

पत्रे हलके, हे खरं. पण माळवद काढलं की भिंतीची डोकी मोकळी पडतात. वरून काँक्रीटचा पट्टा न घालता नुसते पत्रे टाकले तर वादळात उडणार आणि हादऱ्यात भिंत तशीच फाकणार.

दगडी_जोड: गिलाव्याचे पैसे वाचवा. आपली दोन फुटी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, मध्ये माती आणि चिपा. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही थर बाहेर ढकलतो. पोट येतं ते यानंच. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत माणसं दबली ती अशाच भिंती आणि वरच्या मातीखाली. तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. 2002 मध्ये झोन 1 च रद्द झाला.

उपाय म्हणजे दोन्ही थर आरपार शिवणं. आडवं-उभं साधारण एक-एक मीटरवर जागा धरा, वरच्या ओळीतल्या जागा खालच्या दोन जागांच्या मधोमध. तिथला एक दगड मोकळा करून आरपार तीन इंचांचं भोक पाडा, दोन्ही तोंडांना रुंद, मध्ये अरुंद. घण घालू नका, माती खरवडून दगड हलवत काढा. भोक धुवून ओलं करा, 1:2:4 चं (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट बारीक खडीत, अर्धं भरलं की दोन्ही टोकांना आकडे केलेली 8 मिमी सळई, मग उरलेलं ठासून भरा. सळईचं टोक बाहेर दिसता कामा नये, गंजतं. 10 दिवस ओलं पोतं. कोरड्या भोकात भरलं तर माती पाणी ओढून घेते आणि काँक्रीट भुसभुशीत राहतं. बहुतेक ठिकाणी चूक इथंच होते.

पोट आलेल्या भिंतीला मात्र हे करू नका. तुळईला धिरे (उभे टेकू) देऊन तेवढा भाग उतरवा आणि परत रचा, दर दोन फूट उंचीवर आणि चार फुटांच्या आत एक आरपार दगड ठेवून.

वसमत_खण: धन्यवाद दादा. भोकं एकदमच पाडून ठेवली तर? आणि खांबांचं काय?

दगडी_जोड: अजिबात नको. एक भरलं, घट्ट झालं, मग शेजारचं. दिवसाला लांब-लांबची चार-पाच.

खांब-तुळयांचा सांगाडा ही तुमची जमेची बाजू. भिंत गेली तरी तो छत पेलू शकतो, पण खांब कलला नाही तरच. प्रत्येक खांबापासून तुळईला दोन्हीकडे तिरके टेकू द्या, सांध्यापासून दीड-दोन फुटांवर, बोल्टनं. जुन्या सागवानात किंवा बाभळीत सरळ खिळा ठोकला की लाकूड चिरतं, आधी गिरमिटानं भोक. खांबाचा बुडखा तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) कुजलाय का तेही बघा.

उतरंड: पैसे जमेपर्यंत फुकटात होणारी कामं: खाटा भिंतीपासून सरकवून मधल्या खांबांजवळ घ्या. कोनाड्यातले पाटे, माळ्यावरची पोती खाली. लोखंडी कपाट तुळईला पट्टीनं बांधा, दगडी भिंतीत खिळा धरत नाही. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद. बाहेरच्या दाराला एकच कडी, आडणा (दारामागचा आडवा दांडा) नको. सातबारा, आधार, बँकबुकाच्या प्रती, बॅटरी आणि शिट्टी एका पिशवीत दाराशी. जिल्हा आपत्ती कक्ष 1077.

पांढरी_माती: एक भर. धक्क्यानंतर अंगणात झोपताना बोळात खाट टाकू नका, दोन्हीकडे दगडी भिंती असतात. भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब.