पतीची स्वादुपिंडाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया ठरली आहे. प्रार्थनेत नेमके काय मागावे?

प्रश्न : एक बहीण, कोपरी (ठाणे पूर्व)

जय ख्रिस्त. माझे यजमान 56 वर्षांचे आहेत. पावसाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले आणि अंगाला असह्य खाज सुटली, तेव्हा शेजाऱ्यांनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. आम्ही तिकडे न जाता सोनोग्राफी केली, पुढे सी.टी. स्कॅन झाले आणि स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असल्याचे कळले. पित्तनलिकेत स्टेंट (पित्त वाहते ठेवणारी छोटी नळी) घातल्यावर कावीळ उतरली असून आता परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात व्हिपल शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले की स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून टाकावा लागेल आणि मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर पुन्हा आतड्याला जोडावे लागेल. यातला स्वादुपिंडाचा जोड गळण्याचा धोका त्यांनी स्पष्टपणे सांगितला.

वैद्यकीय निर्णयाबद्दल आम्हा दोघांच्या मनात शंका नाही. माझा प्रश्न विश्वासाचा आहे. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एक आदरणीय बंधू म्हणतात की मंडळीच्या वडिलांनी (ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) तेल लावून प्रार्थना केल्यावर शस्त्रक्रियेला जाणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणे होय. दुसरीकडे सगळे मला सांगतात की प्रभूला "तुझी इच्छा पूर्ण होवो" एवढेच म्हण आणि शांत राहा. हे शब्द माझ्या ओठांवर येत नाहीत, कारण ते उच्चारले तर यजमानांना नेण्याची परवानगीच मी देते आहे, असे मला वाटते. यजमान स्वतः शांत आहेत, तेच मला धीर देतात, आणि त्यामुळे त्यांच्यासमोर मला रडताही येत नाही. माझी भीती मी त्यांच्यापासून लपवून ठेवावी का?

उत्तर : मंडळीतील एक निवृत्त वडील, ऐरोली

भगिनी, त्या बंधूंचा हेतू चांगला असेल, परंतु पवित्र शास्त्र त्यांच्या बाजूने उभे राहत नाही, असे मी विचारपूर्वक सांगतो. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता, त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याला 15 वर्षांचे आयुष्य वाढवून दिले. तरीही यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. अभिवचन मिळाल्यानंतरही लेप लावला गेला, आणि त्याला कोणी अविश्वास म्हटले नाही. प्रेषित पौल आपल्याबरोबर प्रवास करणाऱ्या लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो. त्रफिम हा सोबती आजारी पडला तेव्हा पौलाला त्याला मिलेत येथे मागे ठेवावे लागले. ज्याच्या हातून अनेक लोक बरे झाले त्या प्रेषितावर, सोबत्याला आजारी अवस्थेत ठेवून पुढे जाण्याची वेळ आली, आणि ते त्याने पत्रात सरळ लिहून ठेवले. ज्याचा रोग हटत नाही त्याचा विश्वास कमी, असे म्हणणाऱ्यांनी हे वचन एकदा शांतपणे वाचावे.

आपल्या मराठी मंडळीला तर हे नव्याने शिकायची गरजच पडू नये. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभारलेल्या मिशन इस्पितळाचे नाव आपल्या आजी-आजोबांच्या पिढीपासून घराघरांत आहे. त्या काळच्या विश्वासणाऱ्यांना शस्त्रक्रियेची खोली आणि प्रार्थनेची खोली एकमेकींच्या विरोधात आहेत असे वाटले नाही.

आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांकडून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी, असे याकोबाचे पत्र सांगते; म्हणून त्यांना अवश्य बोलवावे, मात्र ती प्रार्थना शस्त्रक्रियेच्या ऐवजी नव्हे, शस्त्रक्रियेसाठी करावी. प्रभुभोजनही (भाकर व द्राक्षरसाचा विधी) रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच घ्यावे, कारण नंतर काही दिवस त्यांना कदाचित तोंडाने काही देता येणार नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. प्रभू येशूने अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेचा क्रम पाहा. हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळो, ही विनंती आधी आली आणि पित्याच्या इच्छेला मान्यता त्यानंतर आली. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार प्रभू त्याच प्रार्थनेकडे तीन वेळा परतला, आणि ती करताना त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असे लूक सांगतो. आपण लोकांना पहिले वाक्य वगळून थेट दुसरे म्हणायला लावतो, हे मला मान्य नाही. यजमान जगावेत, जोड न गळावा, गाठ पूर्ण निघावी, ते घरी यावेत, हे सगळे नावानिशी मागा. तो मागण्याचा अधिकार तुम्हाला पुत्राने स्वतः दिला आहे. दुसरे वाक्य आज येत नसेल तर ते जबरदस्तीने म्हणू नका. मंडळी ते तुमच्या वतीने म्हणू शकते.

उत्तर : एक परिचारिका, नेरूळ

मी शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात काम करते, त्यामुळे दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना तात्पुरता भ्रम होतो. ते जवळच्या माणसाला ओळखत नाहीत, नळ्या ओढतात, आणि आयुष्यभर देवाचे नाव घेतलेला माणूसही प्रार्थनेला हात झटकून नकार देऊ शकतो. तसे झाले तर तुम्ही घाबरून त्यांच्या विश्वासाचा हिशेब मांडू नका. त्यामागे भुलीची आणि वेदनेची औषधे, झोपमोड, कधी संसर्गही असतो. डॉक्टर कारण शोधून उपचार करतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ही स्थिती निवळते. त्या वेळी त्यांचा चष्मा जवळ ठेवावा, आज कोणता वार आहे ते सांगावे, हात धरून ओळखीच्या आवाजात एखादे छोटे वचन म्हणावे. मोठ्याने लांबलचक प्रार्थना करू नये.

दुसरी गोष्ट मंडळीला सांगायची आहे. खाटेभोवती गर्दी करणे ही सेवा नाही. त्यापेक्षा तरुणांनी रक्तपेढीत जाऊन रक्तदान करावे, कोणी ठाण्याहून परळला डबा पोहोचवावा आणि एकाने रात्री तुमच्या जागी बसावे, म्हणजे तुम्हाला झोप मिळेल. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले व झोपू दिले, आणि पुढचे बोलणे नंतर झाले. यजमानांना चालवायचे, श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे आणि नळीतून येणाऱ्या स्रावाकडे लक्ष ठेवायचे काम तुमच्याकडेही येईल. ते करताना प्रार्थना राहून गेली असे मानू नका.

उत्तर : एक बहीण, कळवा

माझ्या यजमानांचीही हीच शस्त्रक्रिया झाली होती. ते घरी आले, थोडे-थोडे जेवायला शिकले, प्रत्येक जेवणाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल घेत राहिले, केमोथेरपी पूर्ण केली आणि पुन्हा उपासनेला येऊ लागले. पुढे आजार उलटला आणि ते प्रभूकडे गेले. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्या बाईची प्रार्थना तिने मागितली तशी पुरी झाली नाही, तीही आज प्रभूला धरून आहे, हे तुम्हाला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

भीती लपवू नका. आमच्या घरी शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसून रडले, तेव्हा ते म्हणाले की मी घाबरू नये म्हणून तेही धीट असल्याचे दाखवत होते. त्यानंतरच आमचे खरे बोलणे झाले: बँकेच्या खात्यावर वारस कोण, मुलीच्या शिक्षणाचे काय, आणि त्यांना काय झाले तर कोणते गीत गायचे. वर वडिलांनी गेथशेमानेचा उल्लेख केला आहे. त्याच बागेत प्रभूने आपल्या मित्रांना स्वतःचा जीव किती व्याकूळ झाला आहे हे सांगितले आणि आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती केली. देवाचा पुत्र जर आपली व्याकुळता जवळच्यांपासून लपवत नाही, तर पतीपत्नींनी एकमेकांसमोर ती का लपवावी?

रात्री रुग्णालयात शब्द सुचत नसत तेव्हा मी बायबलमधील 88 वे स्तोत्र वाचत असे. त्यात शेवटी दिलासा नाही, ते अंधारातच संपते, तरीही ते देवालाच उद्देशून आहे. माझ्या त्या रात्रींना एवढेच पेलत होते.

प्रश्नकर्त्या भगिनीचे उत्तर

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. काल रात्री यजमानांशी बोलले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी विचारले की इतके दिवस एकटी का सोसत होतीस. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब आणि वडील तेल लावून प्रार्थना करण्यासाठी घरी येणार आहेत. शस्त्रक्रियेला विरोध करणाऱ्या त्या बंधूंनाही यजमानांनी स्वतः फोन करून बोलावले आहे. रक्तदानासाठी तरुण संघातील मुलांची नावे लिहून घेणे सुरू केले आहे. नेरूळच्या भगिनीला विनंती आहे की दाखल होताना घरून कोणत्या वस्तू न्याव्यात, तेही कृपया कळवावे.