शब्दचर्चा: ‘अकाली’, ‘मुदतपूर्व’ की ‘अपुऱ्या दिवसांचं’?

दुर्वांकुर:
गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासाचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत करायचं आहे. ‘प्रीटर्म बर्थ’ला ‘अकाली प्रसूती’ लिहिलं होतं. उलट भाषांतरात (मराठीवरून पुन्हा इंग्रजीत) त्याचं ‘अनटाइमली डिलिव्हरी’ झालं आणि नीतिसमितीने शेरा मारून परत पाठवलं: शब्द घाबरवणारा, आणि व्याख्या हरवलेली. मूळ अर्थ अगदी नेमका आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ३७ आठवडे, म्हणजे २५९ दिवस, पुरे व्हायच्या आत झालेला जन्म. समितीने ‘मुदतपूर्व’ सुचवलंय. वाचणारी बाई सातवी शिकलेली धरायची आहे.

शिवाय ‘प्रीटर्म’, ‘लो बर्थ वेट’ आणि ‘स्मॉल फॉर जेस्टेशनल एज’ हे तिन्ही एकाच पानावर आलेत. तिन्हींना वेगवेगळे शब्द हवेत.

तळटीप:
‘अकाली’ काढा. अकाली पाऊस असतो, हे खरं, पण संमतीपत्रात ‘अकाली’ दिसलं की डोळ्यांपुढे पुढचा शब्द ‘निधन’च येतो. ‘मुदतपूर्व’ही नको. मुदत माणसाने ठरवलेली असते: ठेवीची, कर्जाची, विधानसभेची. घरोघरी चालणारा शब्द ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’. तो बाईला समजावून सांगावा लागत नाही.

कौलारू:
घरोघरी चालतो म्हणून शास्त्रात चालेल असं नाही. परिभाषेला समास करता आला पाहिजे. ‘अपूर्णकाल प्रसव’, ‘पूर्णकाल प्रसव’, ‘अतिकाल प्रसव’ ही मालिका बघा, तिन्ही एका साच्यातले. त्यावरून ‘अपूर्णकाल-प्रसव-दर’ करता येतो. ‘अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांचा दर’ हे कोष्टकाच्या मथळ्यात बसवून दाखवा. मराठीत संशोधन लिहायचंच नाही असं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी.

तळटीप:
कोष्टक प्रबंधात असतं, संमतीपत्रात नसतं. सहीच्या जागी अंगठा उठणार असेल तर तो कागद कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार आहे. ‘अपूर्णकाल प्रसव’ मोठ्याने वाचा आणि ऐकणारीला विचारा काय कळलं.

अनुस्वार:
‘दिवस’ या शब्दाची ताकद बघा. दिवस गेले, दिवस राहिले, दिवस भरले: गर्भारपणाचा सगळा हिशेब मराठीने ‘दिवस’ या एककात ठेवलाय, आणि व्याख्याही २५९ दिवसांचीच आहे. फक्त ‘दिवस भरले’ जपून वापरा. ‘त्याचे दिवस भरलेत’ म्हणजे मरण जवळ आलंय. ‘पूर्ण दिवसांची’, ‘पुऱ्या दिवसांची’ निर्धोक.

वॉर्मर:
शब्द कुठलाही घ्या, पण दुर्वांकुर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतंय आणि खरी गफलत तिथे आहे. कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं यांना मराठीत सर्रास एक धरतात. वर्तमानपत्रंही धरतात.

कमी वजनाचं म्हणजे जन्मतः २,५०० ग्रॅमच्या आत. दिवस कितीही असोत. दिवसांच्या मानाने लहान म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत वजनाने तळाच्या दहांत बसणारं. हे ३९ आठवड्यांचं असू शकतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी जो माता-पोषणाचा अभ्यास केला, त्यात पुऱ्या दिवसांच्या बाळांचं सरासरी वजनच सुमारे २.७ किलो होतं. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनला ते ३.५ होतं. म्हणजे आपल्याकडे अडीच किलोच्या आतलं बाळ दिसलं की ‘लवकर झालं’ म्हणायची घाई करू नये.

दोन्हींतला फरक बाळाच्या अंगावर लिहिलेला असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा तळपाय गुळगुळीत असतो, फार तर पुढच्या भागात एखादी आडवी रेघ. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तळव्यावर टाचेपर्यंत सुरकुत्या असतात. कानाची पाळी दुमडून सोडली तर लवकर आलेल्या बाळाची तशीच दुमडलेली राहते किंवा सावकाश उलगडते, कारण कूर्चा तयार झालेली नसते. पुऱ्या दिवसांच्या बाळाची लगेच उभी राहते. स्तनाग्राखाली बोटाने चाचपलं तर एकाला गाठ लागत नाही, दुसऱ्याला चांगली लागते. आणि दिवसांच्या मानाने लहान, पोटात रोडावलेल्या बाळाची कातडी सैल, मांड्यांवर आणि कुल्ल्यांवर घड्या, कधी पापुद्रे सुटलेले. डोळे मात्र टक्क उघडे.

उपचारही वेगळे. लवकर आलेल्याची भीती श्वासाची. फुप्फुसांच्या फुग्यांना आतून लागणारा सरफॅक्टंटचा थर कमी, म्हणून श्वास सोडला की फुगे मिटतात. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो, त्याआधी नळीने किंवा वाटी-चमच्याने पाजावं लागतं. रोडावलेल्याची भीती साखरेची. यकृतात साठाच नसतो. टाचेला टोचून साखर बघायची, १०० मिलिलिटर रक्तात ४५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायची नाही.

म्हणून ‘कमी दिवसांचं’, ‘कमी वजनाचं’ आणि ‘दिवसांच्या मानाने लहान’ असे तीन स्वतंत्र शब्द ठेवा.

कौलारू:
‘दिवसांच्या मानाने लहान’ हा शब्द नाही, वाक्य आहे. ‘ऊनवृद्ध’ घ्या.

तळटीप:
‘ऊनवृद्ध’ वाचून म्हातारा माणूस उन्हात बसलेला दिसतो. समितीकडून पुन्हा शेरा येईल.

बोरू:
हे शब्द वेगळे न ठेवल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण संशोधनातच आहे. मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइड दिलं की बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात, हे ऑकलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याच जातीचं औषध सहा देशांतल्या गावपातळीवर नेलं. भारतात नागपूर आणि बेळगाव. दिवस कसे मोजायचे? पाळीची तारीख माहीत असेल तर तीवरून, नाहीतर पोटाची उंची रंगीत पट्टीने मोजून. आणि ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’ ओळखायला खूण धरली जन्मवजनाची, कारण बऱ्याच ठिकाणी दिवस पक्के ठाऊक नव्हते. इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ जणी पुऱ्या दिवसांनी बाळंत झाल्या. औषध पोहोचवलेल्या भागांत एकूण नवजात मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी किंचित जास्त निघाले: हजारी २७.४, दुसरीकडे २३.९.

नंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून, २६ ते ३४ आठवड्यांच्या आतल्या बायकांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तपासलं. २०२० चा निकाल: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर. ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी. औषध त्याच जातीचं, निकाल उलटा. दिवस कोण, कसे मोजतं यावर बरंच काही होतं.

अनुस्वार:
मग महिन्यांचा घोळ इथेच सांगायला हवा. ‘आठव्या महिन्यात झालं’ म्हणजे सात महिने पुरे आणि आठवा चालू. ‘आठ महिन्यांचं झालं’ म्हणजे आठ पुरे. बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी येतात. त्यात कुणी महिना कॅलेंडरचा धरतं, कुणी चार आठवड्यांचा. स्टेरॉइडची ३४ आठवड्यांची रेषा कॅलेंडरने सात महिने पंचवीस दिवसांवर येते, चार आठवड्यांच्या महिन्याने साडेआठ महिन्यांवर. आणि चार आठवड्यांच्या हिशेबाने ‘नऊ महिने पुरे’ म्हणजे ३६ आठवडे, म्हणजे व्याख्येने अजून अपुरेच. माहितीपत्रकात महिना हा शब्दच टाळा. आठवडे लिहा, शेजारी दिवस लिहा.

बोरू:
पटलं. पाळीची तारीख विचारतानाही ‘तारीख सांगा’ म्हटलं की अंदाजाने एक, पंधरा किंवा वीस येते. ‘पोळ्याच्या आधी की नंतर? किती दिवस?’ असं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. त्यासाठी भागातल्या सणांची, जत्रांची, आठवडी बाजारांची दिनदर्शिका मुलाखतकाराकडे त्या वर्षाचीच हवी. अधिक मास येऊन गेला की पोळा पंधरवड्याहून जास्त पुढे सरकतो, संक्रांत सरकत नाही.

रानवारा:
‘नऊ महिने नऊ दिवस’ कुठून आलं? माझ्या मते हा चांद्र महिन्यांचा हिशेब. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, नऊ महिने म्हणजे २६६ दिवस, आणि गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंत बरोब्बर २६६ दिवसच धरतात! पूर्वीच्या बायकांना गर्भधारणेचा दिवसच मोजायचा होता.

अनुस्वार:
मग वरचे नऊ दिवस कुठे गेले? धरले तर २७५ होतात. उलट कॅलेंडरच्या महिन्यांनी, पाळीच्या पहिल्या दिवसापासून, नऊ महिने नऊ दिवस म्हणजे साधारण २८३. डॉक्टरी नियम नऊ महिने सात दिवसांचा, म्हणजे २८०. दोन-तीन दिवसांचाच फरक.

रानवारा:
कॅलेंडरचे महिने खेड्यात कधीपासून आले? ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात गर्भाला ‘दशमास्य’ म्हटलंय. दहा महिने अठ्ठावीस दिवसांचे धरा, २८० च येतात. हिशेब चंद्राचाच होता.

अनुस्वार:
चांद्र महिना आधी साडेएकोणतीसचा होता, आता अठ्ठावीसचा झाला. हवा तो आकडा यावा म्हणून महिना लहान-मोठा करता येत नाही.

वॉर्मर:
महिन्यांवरून एक समजूतही पुसून टाकायला हवी: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक लेखनातही ती आहे, म्हणजे फार जुनी. पण उलटं आहे. दिवस पुरे होईपर्यंत पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या जगण्याची शक्यता वाढवतो. या समजुतीपायी आठव्या महिन्यातल्या बाळावर खर्च कशाला, असं घरचे म्हणतात, म्हणून पत्रकात एक ओळ त्यासाठी खर्च करा.

दुर्वांकुर:
‘अपुऱ्या दिवसांचं’ आणि आठवडे, हे धरते. पण पुढे अडले. अभ्यास अ‍ॅस्पिरिनचा आहे आणि त्यात ‘प्रीटर्म प्रीएक्लॅम्प्सिया’ असा शब्द आहे. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार, जो बळावला तर झटके येतात. ‘अपुऱ्या दिवसांचा पूर्वाक्षेप’?

बोरू:
इथे ‘प्रीटर्म’ बाळाला नाही, आजाराला लावलंय. अर्थ: असा आजार की ज्यापायी ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागतं. २०१७ च्या मोठ्या चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ पर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं, तेव्हा नेमका हाच प्रकार ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. ‘रक्तदाबाचा आजार टळतो’ एवढंच लिहिलंत तर जास्तीचं आश्वासन होईल, कारण पुऱ्या दिवसांनंतर होणाऱ्या प्रकारात तसा फरक दिसला नव्हता.

इथे तळटीप यांनी नाकारलेला ‘मुदतपूर्व’ उपयोगी पडेल असं वाटतं. कळा आपोआप आल्या तर ‘अपुऱ्या दिवसांत बाळंत झाली’. डॉक्टरांनी ठरवून केलं तर ‘मुदतीआधी बाळंतपण केलं’.

कौलारू:
आणि ‘पूर्वाक्षेप’ का नको? आयुर्वेदात झटक्यांना ‘आक्षेपक’ म्हणतात. जुना, सिद्ध शब्द.

तळटीप:
सिद्ध होता. आज ‘आक्षेप’ म्हणजे हरकत. संमतीपत्रावर ‘आक्षेप’ दिसला तर बाई समजेल की तिने हरकत नोंदवायची आहे. ‘झटके’ लिहा, ‘आकडी’ लिहा.

वॉर्मर:
‘झटके’. आणि त्याआधीच्या अवस्थेला ‘गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब’ एवढ्यावर थांबू नका, नाहीतर बाई समजेल गोळी घेतली की भागलं. लक्षणं लिहा: २० आठवड्यांनंतर रक्तदाब वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त, लघवीत प्रथिनं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीच्या खाली पोटात दुखणं. ‘काजवे’ हाच शब्द ठेवा. ‘दृष्टिदोष’ लिहिलंत की चष्म्याचा नंबर वाटतो.

रानवारा:
आणि ‘प्लासेंटा’ला ‘वार’ की ‘जार’? जार फक्त गुराची म्हणायची ना?

कौलारू:
‘अपरा’.

तळटीप:
बाईची वार, गाईची जार. काही भागांत बाईचीही जार म्हणतात, पण छापताना ‘वार’. स्त्रीलिंगी: वार पडली, वार अडकली.

दुर्वांकुर:
मी ‘नाळ’ लिहिलंय. चालणार नाही?

बोरू:
अजिबात नाही. अशा अभ्यासांत बाळ झाल्यावर दोन वेगळे नमुने घेतात: नाळेतलं रक्त आणि वारेचा तुकडा. दोन्हींना ‘नाळ’ म्हटलंत तर संमती कशाला दिली ते कळणार नाही. शिवाय अनेक घरांत वार पुरतात. नमुना म्हणजे सगळी वार नेणार असं वाटलं तर सासू नाही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. किती घेणार, उरलेली घरच्यांना परत मिळणार का, हे त्याच ओळीत हवं. ‘बोटाच्या पेराएवढा तुकडा, बाकीची वार मागितल्यास परत’ असं, जर तुमच्या रुग्णालयात तसं करता येत असेल तर. आधी प्रसूतिगृहातल्या सिस्टरना विचारा, मग लिहा.

रानवारा:
पेर कुणाचं, बाळाचं की मोठ्या माणसाचं?

बोरू:
मोठ्या माणसाचं. तेही लिहा.