डक्टमधला फूत्कार

सी-504 : सर्वांना नमस्कार. गेल्या चार रात्रींपासून आमच्या बाथरूमच्या मागच्या डक्टमधून फूत्कारासारखा आवाज येत असून तो पहाटेपर्यंत थांबत नाही. पाइपवरून साप पाचव्या मजल्यापर्यंत चढू शकतो का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

सी-604 : काका, तो साप नाही. आज खिडकीची एक काच काढून पाहिले, तेव्हा पाइपांमागच्या कठड्यावर चार पिल्ले दाटीवाटीने बसलेली दिसली. पत्त्यांतल्या बदामासारखे चेहरे पाहताच ओळख पटली, ही गव्हाणी घुबडे आहेत. भूक लागली की त्यांची पिल्ले असाच फूत्कार काढतात. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे थोरल्याला पिसे फुटली तरी धाकटे अजून कापसाचा बोळाच आहे.

ए-201 : परंतु शनिवारी डक्टला जाळी बसवायची आहे आणि कारागिराला आगाऊ रक्कमही दिली आहे. पिल्ले उचलून गच्चीवर ठेवता येणार नाहीत का? खाली घाणही बरीच पडते.

सी-604 : तसे करू नये, ताई. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यामुळे वनविभागाला न विचारता हात लावणे योग्य नाही. ही पिल्ले साधारण आठ-नऊ आठवड्यांची झाल्यावर उडतात, म्हणजे धाकट्याला अजून महिनाभर तरी लागेल. खाली पडलेले काळे गोळे ही विष्ठा नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे ओकून टाकते. मी एक गोळा काडीने उकलला, तर आत उंदराची कवटी पिवळ्या दातांसकट शाबूत होती.

सचिव : शनिवारीच उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्याही टाकायच्या आहेत. त्या टाकण्यास हरकत नसावी.

सी-604 : माझी खरी हरकत त्यालाच आहे. जाळीचे काम कोणाच्याही डोळ्यांना दिसेल, विष दिसणार नाही. ती वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाला तोच आधी सापडतो. मग ते विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. उंदरांच्या तक्रारी याच ग्रुपवर सर्वाधिक आल्या आहेत, आणि रोज रात्री उंदीर नेणारे कुटुंब आपल्याच डक्टमध्ये राहायला आले आहे.

सचिव : मान्य. पिल्ले उडेपर्यंत जाळी आणि वड्या, दोन्ही कामे स्थगित ठेवतो. तोपर्यंत कचरा झाकून ठेवावा. कोणीही डक्टमध्ये टॉर्च मारू नये किंवा फ्लॅश वापरून छायाचित्र काढू नये.

सी-504 : काल दिवा मालवून खिडकीशी बसलो होतो. पावणेदहाच्या सुमारास काहीतरी पांढरे पंखांचा जराही आवाज न करता आत आले, फूत्कार एकदम वाढला आणि मग दोन मिनिटे अगदी शांतता होती. त्यानंतर पुन्हा सुरू झाला. महिनाभर हॉलमध्ये झोपायची माझी तयारी आहे.